शिवणीतली माया

आमच्या गुऱ्हाळावर थर्मामीटर नव्हता. इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठावर आमचा तीन एकर ऊस, आणि पौष-माघात महिनाभर चालणारं गुऱ्हाळ. काहिलीतला रस उकळून उकळून तांबूस झाला, फेसाचे बुडबुडे मोठे आणि जड फुटू लागले की गुळव्या वाटीत गार पाणी घ्यायचा. त्यात पाकाचे चार थेंब सोडून बोटांनी गोळी वळायचा आणि ती काहिलीच्या काठावर आपटायचा. गोळी चपटी झाली तर चुलवणात आणखी चिपाडं पडायची. ‘टण्’ वाजली की तो ओरडायचा, “उतरवा!” मग सहा-सात गडी काहील उचलून वाफ्यात रिकामी करायचे. दोन मिनिटांचा उशीर झाला तरी गूळ करपायचा, आणि घाई झाली तर ढेप बसायचीच नाही. पुढे रसायनशास्त्र शिकायला लागल्यावर एका सुट्टीत मी तापमापक घेऊन गेलो. गोळी वाजली तेव्हा पारा ११८ अंशांवर होता. गुळव्याला आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, “असंल.”

त्या गोळीत नेमकं काय घडतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. उसाच्या रसात पाणीच जास्त. साखरेच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या, म्हणजे आठ हायड्रॉक्सिल गट असतात. रस पातळ असतो तेव्हा या आठही हातांना पाण्याचे रेणू धरून असतात. पाणी उडत जातं तसे हे हात मोकळे होतात आणि एकमेकांना धरू लागतात. पातळ रसाचा चिकट पाक होतो, पाकाची वाजणारी गोळी होते. साखरेचा एकही रेणू त्यासाठी मोडावा लागत नाही. बदलतं ते फक्त कोणी कोणाचा हात धरला आहे, एवढंच. या हात धरण्याला रसायनशास्त्रात हायड्रोजन बंध म्हणतात.

बारामती-इंदापूरच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपलं सगळं अर्थकारण या बंधावर उभं आहे. कारखान्याच्या पॅनमध्ये साखरेचा दाणा धरतो तो याच बंधामुळे. आषाढात माळ्यावरच्या ढेपेला पाझर फुटतो, कारण गुळातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हवेतल्या बाष्पाचे हात धरायला टपलेली असतात. डिस्टिलरीत मद्यार्क कितीही वेळा ऊर्ध्वपातित केला तरी ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. उरलेलं पाणी काढायला तीन अँगस्ट्रॉमच्या भोकांची रेणुचाळणी लागते, तेव्हा कुठे ते इथेनॉल पेट्रोलमध्ये घालण्याजोगं होतं.

पण ज्या बंधावर इतकं उभं आहे, तो आहे हे मान्य व्हायला रसायनशास्त्राला फार वेळ लागला. मला त्या वेळेचीच गोष्ट सांगायची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायड्रोजनबद्दल एक गोष्ट पक्की होती: तो एकाच अणूशी बांधला जातो. त्याच्याकडे एकच इलेक्ट्रॉन, म्हणून एकच सोयरीक. १९१२ मध्ये मूर आणि विनमिल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांना एक अमाइन अपेक्षेपेक्षा दुबळा आम्लारी का ठरतो हे समजेना, तेव्हा त्यांनी हायड्रोजन मध्ये धरून काढलेली रचना सुचवली. १९२० मध्ये बर्कलीच्या लॅटिमर आणि रोडबुश यांनी पाण्याबद्दल तेच धीटपणे म्हटलं. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडेही ओढला जातो, आणि म्हणून पाणी इतकं वेगळं वागतं. हायड्रोजन सल्फाइड हा पाण्याचा जवळचा नातलग, रेणू पाण्यापेक्षा जड, तरी उणे ६० अंशांना उकळतो आणि आपल्याला वायू म्हणूनच भेटतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत द्रवच राहतं. हा फरक त्या एका ओढीचा.

मग १९३९ मध्ये लायनस पॉलिंगचं ‘द नेचर ऑफ द केमिकल बाँड’ आलं आणि या कल्पनेला घर मिळालं. त्या घराचं दार मात्र अरुंद होतं. इलेक्ट्रॉन जोरात ओढणारे फ्लोरिन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांनाच हायड्रोजन बंध जमतो, बाकीच्यांचा विचार फारसा करायला नको, असा नियम त्यातून पाठ्यपुस्तकांत उतरला. मीही तो तसाच पाठ केला, आणि खेदाने सांगतो, बरीच वर्षं तसाच शिकवला.

या नियमाची किंमत एका बाईने मोजली. जून सूटर ही न्यूझीलंडची स्फटिकशास्त्रज्ञ लंडनच्या बर्कबेक कॉलेजात काम करत होती. तिने १९६२ मध्ये कॅफीनसारख्या पदार्थांच्या स्फटिकांतली अंतरं तपासून दाखवलं की कार्बनवरचा हायड्रोजनही ऑक्सिजनकडे झुकतो, अपेक्षेपेक्षा जवळ येतो. म्हणजे कार्बनलाही हा बंध जमतो. १९६८ मध्ये जेरी डोनोह्यू यांनी तिचा दावा जवळजवळ मोडीत काढला. हे तेच डोनोह्यू, ज्यांनी १९५३ मध्ये केंब्रिजला वॉटसनला सांगितलं होतं की पुस्तकात छापलेल्या बेसच्या रचना चुकीच्या आहेत, आणि त्यामुळेच डीएनएच्या जोड्या जुळल्या. हायड्रोजन बंध कुठे असतो हे त्यांच्याइतकं जाणणारे लोक फार थोडे होते. म्हणून त्यांचा शब्द जड पडला. सूटर पुढे मूतखड्यांच्या अभ्यासाकडे वळली. १९८२ मध्ये टेलर आणि ओल्गा केनार्ड यांनी न्यूट्रॉनच्या साह्याने अचूक मोजलेल्या शंभराहून अधिक स्फटिकरचना एकत्र तपासल्या. सूटरचं म्हणणं खरं होतं. मधली चौदा वर्षं कशात गेली, असं मी स्वतःला विचारतो. मला वाटतं, ती एका चुकीच्या प्रश्नात गेली. लोक विचारत होते, ‘कोणत्या अणूला परवानगी आहे?’ विचारायला हवं होतं, ‘बंध झाल्याचा पुरावा काय?’

पुरावा मिळवणं सोपं नव्हतं. पाण्याच्या एका थेंबात रेणूंची एवढी गर्दी असते, आणि प्रत्येक बंध सेकंदाच्या अब्जांशाच्याही हजाराव्या भागाच्या आसपास तुटून दुसरीकडे जुळतो. जत्रेत दोन माणसांचं बोलणं ऐकावं तसं ते. म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात काही लोकांनी गर्दीच टाळली. वायू एका बारीक छिद्रातून निर्वातात सोडायचा. तो इतक्या वेगाने पसरतो की निरपेक्ष शून्याच्या जवळपास, केवळ काही केल्विनपर्यंत थंड होतो. त्या थंडीत दोन रेणू एकमेकांना भेटले की जोडी टिकते, मोडायला कोणी येत नाही. मग निवांतपणे तिची मापं घ्यायची. डाइक, म्यून्टर आणि सहकाऱ्यांनी १९७७ पर्यंत पाण्याच्या दोनच रेणूंच्या जोडीचं चित्र असं पक्कं केलं. दोन ऑक्सिजनमधलं अंतर २.९८ अँगस्ट्रॉम. ही जोडी सोडवायला मोलमागे ३.२ किलोकॅलरी पुरतात, तर पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन तोडायला ११९ लागतात. इतका हा बंध हलका आहे, आणि तरीही समुद्र त्याने धरून ठेवले आहेत.

हे काम आपल्याकडेही झालं, हे मला विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संजय वाटेगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गोठलेल्या जोड्यांवर लेसरचा प्रकाश टाकून बंध तपासले. ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी तारेसारखी कंप पावत असते. हायड्रोजनला पलीकडून कोणी ओढलं की कंप मंदावतो, आणि किती मंदावला त्यावरून ओढ किती हे कळतं. हिमांशु बिस्वाल यांच्यासह वाटेगावकरांनी २००९ पासून दाखवलं की सल्फरलाही हा बंध चांगला जमतो, आणि ऑक्सिजन-नायट्रोजनच्या तो फार मागे नाही. ज्या हायड्रोजन सल्फाइडचं उदाहरण देऊन मी ‘याला बंध जमत नाही’ असं फळ्यावर लिहीत होतो, तोच रेणू त्यांच्या जोड्यांत होता. कारखान्याच्या स्पेंटवॉशच्या तलावावरून वाऱ्याबरोबर येणारा सडक्या अंड्याचा वास त्याचाच. हे वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात आधीचं वाक्य खोडायला लावलं. मुलांनी वहीत रेघ मारली, आणि ते मला बरं वाटलं.

पण दोघांनाच एकांतात बसवून सगळं कळतं का? बर्फात दोन ऑक्सिजनमधलं अंतर सुमारे २.७६ अँगस्ट्रॉम असतं, म्हणजे एकट्या जोडीपेक्षा बरंच कमी. शेजारी आले की ओढ वाढते. एका रेणूने हात दिला की त्याचा दुसरा हात अधिक घट्ट होतो, आणि तो पुढच्याचा. शास्त्रात याला जे नाव आहे त्याचा सरळ मराठी अर्थ ‘सहकार’ असा होतो. आपल्या भागात हा शब्द कारखान्याचे शेअर आणि सर्वसाधारण सभा यांच्यासाठी राखीव झाला आहे, पण रेणूंच्या या गुणाला मी दुसरा शब्द वापरत नाही.

मग प्रश्न उरतो तो साखरेचा. साखरेच्या रेणूत स्वतःचेच हायड्रॉक्सिल एकमेकांना धरतात. १९६३ मध्ये ब्राउन आणि लेव्ही यांनी न्यूट्रॉनच्या साह्याने साखरेच्या स्फटिकातला एकेक हायड्रोजन कुठे बसला आहे ते शोधलं, तेव्हा रेणूच्या आतल्या आत असे दोन बंध स्पष्ट दिसले. पण त्यातला एक बंध किती जोराचा, हे मोजायचं कसं? पाण्याची जोडी दोन्ही रेणू दूर करून मोजता येते. इथे दोन्ही टोकं एकाच अंगावर शिवलेली. दूर न्यायला गेलं तर रेणूच फाटतो.

हे कोडं पुण्यात सुटलं. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे रेणूंभोवतीच्या विद्युत क्षेत्राचा सैद्धांतिक अभ्यास करत होते, आणि त्यासाठी १९९३ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला होता. मोठ्या रेणूंचं गणित तेव्हाच्या संगणकांना पेलत नव्हतं. म्हणून १९९४ मध्ये त्यांनी राजेंद्र शिरसाट आणि अजय लिमये यांच्याबरोबर एक युक्ती मांडली: रेणू कापा, तुकड्यांचं गणित करा, आणि परत शिवा. नावही त्यांनी शिंप्याचंच दिलं, मॉलिक्युलर टेलरिंग. २००६ मध्ये मिलिंद देशमुख आणि अमेरिकेतले बार्टोलोटी यांच्यासह याच शिवणकामातून त्यांनी रेणूच्या आतल्या बंधाची किंमत काढली, आणि २००८ मध्ये तीच रीत ग्लुकोजसारख्या शर्करांना लावली.

रीत अशी. ज्या दोन हायड्रॉक्सिलांमधला बंध हवा, त्यातला पहिला काढून त्याजागी हायड्रोजन ठेवायचा आणि उरलेल्या रेणूची ऊर्जा काढायची. मग मूळ रेणूत फक्त दुसरा काढून तेच करायचं. दोन्ही ऊर्जा मिळवल्या की रेणूचा बराचसा भाग दोनदा मोजला जातो. शिंपी दोन कापडं जोडताना शिवणीत माया ठेवतो, तसा हा दोघांत आलेला भाग. म्हणून दोन्ही हायड्रॉक्सिल काढलेल्या रेणूची ऊर्जा एकदा वजा करायची. जे उरतं त्यात सगळं आहे, फक्त त्या दोघांची परस्पर ओढ नाही. खऱ्या रेणूची ऊर्जा त्याच्याशी ताडून पाहिली की फरक तोच बंध. शर्करांमध्ये हे बंध मोलमागे साधारण एक ते चार किलोकॅलरींचे निघाले, आणि शेजारच्या बंधामुळे प्रत्येकात भर पडते ती त्याहून बरीच लहान. पण पडते, आणि आता तिचाही आकडा आहे.

मला या पद्धतीत सर्वात मोलाची वाटते ती ही गोष्ट, की तिने बंधाला शेजाऱ्यांपासून तोडलं नाही. गर्दीत कान देऊन ऐकणं आणि दोघांना वेगळं बसवणं, यांच्यामधला हा तिसरा रस्ता होता. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने हायड्रोजन बंधाची व्याख्या नव्याने केली. त्या गटाचं नेतृत्व बंगळुरूच्या ई. अरुणन यांच्याकडे होतं. त्या व्याख्येत परवानगी असलेल्या अणूंची यादी नाही. हायड्रोजन ज्या अणूवर बसला आहे तो हायड्रोजनपेक्षा इलेक्ट्रॉन जास्त ओढणारा हवा, आणि बंध झाल्याचा पुरावा हवा, इतकंच ती मागते. सूटरचा कार्बन त्यात बसतो, वाटेगावकरांचा सल्फरही.

मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी ग्लुकोज घेतलं. घरचा ऊस भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला जाणारी मुलगी. रात्री वीज जाईल म्हणून तिने गणितं दुपारी लावली. एक हायड्रॉक्सिल काढला, मग दुसरा, मग दोन्ही. चार ओळींच्या बेरीज-वजाबाकीनंतर दोनच्या थोडा वर आकडा आला. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली, मग म्हणाली, “सर, गुळाच्या गोळीत असे हात किती असतील?”

मी म्हटलं, गोळी एक ग्रॅमची धर, आणि सोपं जावं म्हणून सगळी साखरच समज. ती फळ्याकडे गेली. ३४२ ग्रॅम साखरेत ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके रेणू. ३४२ ने भागलं, आठने गुणलं. चौदा आले, आणि पुढे घात एकवीस. घात पुसून ती शून्यं लिहू लागली. फळ्याचा उजवा काठ आला तेव्हा पंधरा झाली होती. उरलेली सहा तिने खालच्या ओळीत लिहिली.