घना आणि म्हशी

राष्ट्रीय उद्यान म्हणजे मनुष्याच्या वावरापासून अलिप्त राखलेला निसर्ग, ही कल्पना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गृहीत धरलेली आहे. अभयारण्यात नियंत्रित चराईला वाव असतो. राष्ट्रीय उद्यानात गुरांना मज्जाव. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घना या पक्षितीर्थाला ही कल्पना लावण्यात आली, तेव्हा तिच्यातील वैगुण्य उघडे पडले.

कारण घना मुळात मनुष्यनिर्मित. खोलगट भूमीत अजान बांधाचे पाणी वळवून भरतपूरच्या राजांनी ही पाणथळ शिकारीसाठी सिद्ध केली. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,000 हून अधिक पक्षी पडले, आणि तो आकडा अभिमानाने दगडावर कोरला गेला. याच पाण्यात भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या चरत आल्या होत्या. पक्ष्यांचा संहार करणाऱ्या राजवटीत त्यांना जी वाट मोकळी होती, ती रक्षणकर्त्या राजवटीने बंद केली.

1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई थांबवण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रदीर्घ अभ्यासातून 1991 मध्ये निष्पन्न झाले ते असे, की म्हशी गेल्यामुळे पाणगवत माजले, मोकळे उथळ पाणी आक्रसले आणि अनेक पाणपक्ष्यांचीच कुचंबणा झाली.

ही कथा बहुधा विज्ञानाच्या अपुरेपणाची म्हणून सांगितली जाते. ते सोयीचे आहे. अभ्यासाचा निष्कर्ष उलट निघाला असता, तर गोळीबार न्याय्य ठरला असता काय? ज्यांची उपजीविका त्या गवतावर होती, त्यांचे म्हणणे ज्ञान म्हणून तर सोडाच, गाऱ्हाणे म्हणूनही विचारात घेतले गेले नाही. अन्याय तेथे झाला, आणि म्हशी पक्ष्यांना उपकारक ठरल्या नसत्या तरी तो अन्यायच राहिला असता.

याहून अवघड प्रसंग नंतर आला. गंभीर नदीवर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले. तेथील शेतकऱ्यांनी त्या पाण्यावर हक्क सांगितला आणि 2004 नंतर घना वारंवार कोरडा पडू लागला. म्हशी आणि पक्षी यांचे हित निदान एकाच तळ्यात नांदू शकत होते. पीक आणि पाणथळ यांच्यात मात्र खराच विरोध आहे, आणि करौलीच्या शेतकऱ्याला कोणताही अहवाल चुकीचा ठरवू शकत नाही. पुढे घनासाठी चंबळचे पाणी नळातून आणावे लागले.