विश्वास आणि विश्वासार्हता



‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ असे आपण सहज म्हणतो. पण त्यात म्हशीचा काय दोष? तिने कुठे शब्द दिला होता? भरवसा आपण म्हशीवर, घड्याळावर, पावसावरही ठेवतो. विश्वासार्ह मात्र माणूसच असतो, कारण शब्द तोच देतो.

एका आजारी आजींना मी पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घेऊन येतो असे सांगितले आणि विसरलो. शनिवारी धावत गेलो. त्या म्हणाल्या, “फादर, कामात असाल. तुम्ही येणार हे ठाऊक होतं.” त्यांचा विश्वास तसूभरही कमी झाला नव्हता. माझी विश्वासार्हता मात्र आदल्या दिवशीच उणी पडली होती.

ब्रिटिश तत्त्ववेत्त्या ओनोरा ओनील यांनी २०१३ सालच्या एका व्याख्यानात सांगितले की, ध्येय विश्वास वाढवण्याचे नको, विश्वासार्हता वाढवण्याचे हवे. त्यासाठी कुवत, प्रामाणिकपणा आणि दिल्या शब्दाला जागणे या तीन गोष्टी लागतात. माझ्यापाशी त्या दिवशी तिसरी नव्हती.

‘लोक माझ्यावर विश्वास ठेवतात का?’ हा प्रश्न लबाडालाही पडतो. ‘मी त्या विश्वासाला पात्र आहे का?’ हे आपण या आठवड्यात स्वतःला विचारू या.

आपला,
फादर