काम काय करता?

बालाघाटजवळच्या भरवेलीत मॉयल कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. मँगनीज पोलादाला बळ देतं. त्याची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली, तर मेंदूला बाधते. आधी विनाकारण हसू-रडू, चिडचिड; मग मुखवट्यासारखा चेहरा, अडखळती चाल. ग्लासगोत खनिज दळणाऱ्या कामगारांमध्ये जॉन कूपर यांनी 1837 मध्ये हा विकार नोंदवला. आपल्या कायद्याखाली तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे.

आता कुठल्याही खाणपट्ट्यातला असा एखादा रुग्ण डोळ्यांपुढे आणा. डॉक्टरला कंपवात दिसतो. बायको त्याच्या बदललेल्या स्वभावाबद्दल बोलते ती नर्सशी. मागे पावलं टाकायला सांगितलं की तो कोलमडतो, हे फिजिओथेरपिस्टच्या लक्षात येतं. धूळ किती होती, हे खाणीतल्या वायुवीजनाचं काम पाहणाऱ्याला ठाऊक. 1700 मध्ये इटलीच्या रामाझिनींनी वैद्यांना बजावलं होतं की रुग्णाला त्याचा धंदा विचारा. प्रश्न त्यांनी नेमका दिला. उत्तराचे तुकडे मात्र चौघांच्या खिशात.

तुकडे जुळवायचे तर शिकतानाच एकमेकांची ओळख हवी, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोर धरू लागला. जागतिक आरोग्य संघटनेने 1988 मध्ये एकत्र काम करण्यासाठी एकत्र शिकण्यावर अहवाल काढला. सुरुवातीचा भरवसा भाबडा होता: सगळ्यांना एका सभागृहात बसवा, बाकी आपोआप होईल. होत नाही. भावी डॉक्टर उत्तरं देतात, भावी नर्स वहीत उतरवतात आणि मनातली उतरंड आणखी पक्की होते.

इथे सिद्धांत कामाला आला, आणि तोही उसना. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये वांशिक पूर्वग्रहांबद्दल मांडलं होतं की नुसत्या सहवासाने भागत नाही. समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो. आरोग्यशिक्षणाने घेतलेल्या उसनवारीत मला हीच सर्वांत मोलाची वाटते, कारण वर्ग का फसला हे तिच्यामुळे सांगता येतं. पुढे 1991 मध्ये लेव्ह आणि वेंगर या अभ्यासकांनी शिकणं हे कामातल्या सहभागातून होतं असं म्हटलं, तेव्हा सभागृहाचंच महत्त्व कमी झालं.

महाराष्ट्रातल्या जामखेडला हे एकत्र शिकणं सभागृहाविनाच घडत होतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं. फारसं न शिकलेल्या, वेगवेगळ्या जातींच्या बायका गावोगावहून प्रशिक्षणाला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. गावात काय चाललंय हे त्या सांगत आणि डॉक्टर-नर्स ऐकत. ऑलपोर्टच्या चारही अटी तिथे सापडतात. मग सिद्धांत कशाला? कारण आरोळे प्रत्येक कॉलेजला मिळत नाहीत. त्यांच्या माघारी नेमकं काय टिकवायचं, हे नाव देऊनच कळतं.

समान दर्जाचं बघा: आपल्या एमबीबीएसच्या 2019 च्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या भूमिकांमध्ये ‘आरोग्यपथकाचा नेता आणि सदस्य’ अशी एक आहे. नेता आधी!

शिकवणाऱ्यांना एकच विनंती: अशा रुग्णाला मागे चालायला सांगाल तेव्हा नर्सिंगचे, फिजिओथेरपीचे विद्यार्थीही खोलीत असू द्या, आणि पहिलं बोलणं डॉक्टरचं नसू द्या.