डास मग कुणाला चावतो?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर जूनमध्ये जाळीवाल्याचा नंबर फिरतो. कुणी सरकती जाळी बसवतं, कुणी चुंबकाच्या पट्टीची, भाड्याने राहणारे वेल्क्रोवर भागवतात. इंचाला सोळा-अठरा तारा इतकी बारीक वीण असली की डास आत येत नाही. बोरिवलीत नॅशनल पार्कला लागून राहा नाहीतर अंधेरीत नाल्याच्या काठी, घर लावताना जाळी आता गृहीतच धरलेली असते. माझ्या घरालाही आहे आणि ती काढायचा माझा अजिबात विचार नाही.

हे आधीच सांगतो, म्हणजे मी जाळी लावणाऱ्यांवर घसरलोय असं कुणाला वाटायला नको. माझा प्रश्न वेगळा आहे. जाळीला धडकून परत फिरलेला डास मेलेला नसतो, उपाशी असतो. खरं तर ती उपाशी असते. चावते ती मादीच, कारण अंडी घालण्यासाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात. माझं रक्त मिळालं नाही म्हणून ती अंड्यांचा बेत रद्द करत नाही. मग ती जाते कुठे?

बहुतेक वेळा खाली. आमच्या वॉचमनकाकांची केबिन तीन बाजूंनी उघडी आहे. गेट दिसायला हवं, म्हणून ती तशीच असावी लागते. घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनच्या आसपास रात्री दोननंतर फिरलात तर रिक्षात पाय बाहेर काढून झोपलेली माणसं दिसतील. माझे काही मित्र व्हॅनमध्ये गादी टाकून कोकणात फिरायला जातात आणि तिच्या खिडक्यांना मापाने शिवलेली जाळी लावतात. दोन्हीकडे माणूस गाडीतच झोपलाय. फरक एवढाच, की एकाची हौस आहे आणि दुसऱ्याचं ते घर आहे.

डास असा एकाकडून दुसऱ्याकडे वळतो ही नुसती कल्पना नाही. अंगाला लावायच्या डासरोधक औषधांवर बोलिव्हिया आणि टांझानियात प्रयोग झाले. ज्यांनी औषध लावलं त्यांना कमी डास चावले, पण औषध न लावलेल्या शेजाऱ्यांकडे जास्त डास गेले. याच्या उलटंही घडतं. पश्चिम केनियात कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या गावंच्या गावं वाटल्या, तेव्हा मच्छरदाणी नसलेल्या पण तीनशे मीटरच्या आत असलेल्या घरांनाही फायदा झाला, कारण त्या मच्छरदाण्यांवर बसलेले डास मरत होते. म्हणजे बचावाचे दोन प्रकार झाले. एकात धोका कमी होतो, दुसऱ्यात तो फक्त पुढे सरकतो. आपली खिडकीची साधी जाळी दुसऱ्या प्रकारातली.

इथे एक गमतीशीर गुंता आहे. घाटकोपर-मुलुंडमध्ये जैन वस्ती मोठी आहे, आणि जैन विचारात डास हा चार इंद्रियांचा जीव आहे. इलेक्ट्रिक रॅकेटने त्याला तडतडवण्यापेक्षा जाळी बरी, आपण कुणाला मारत नाही, असं माझे जैन शेजारी म्हणतात. मला ते पटतंही. पण त्याच परंपरेत साधूने सोसायच्या बावीस परीषहांची यादी आहे आणि त्यातला एक आहे दंशमशक, म्हणजे डास-माश्यांचा दंश शांतपणे सहन करणं. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की साधू स्वतः सोसतो. आपल्या वाटचा परीषह पगारी माणसाकडे वळवायची सोय त्या यादीत नाही.

यावर लगेच उत्तर येतं: डास काय मी पाळलेत? ते नाल्यातून येतात, झोपडपट्टीतून येतात. माझ्या हातात खिडकी आहे, ती मी बंद केली.

हे अर्धंच खरं आहे. संध्याकाळी डोक्यावर घोंघावणारा जो थवा असतो, तो बहुधा क्युलेक्सचा, आणि तो घाण पाण्यात वाढतो. पण डेंग्यूचा एडिस घरगुती, स्वच्छ पाण्यात वाढतो: कुंडीखालच्या बशीत, मनी प्लांटच्या बाटलीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या खळग्यात. मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनाफिलिस स्टीफेन्सी विहिरींत, झाकण नीट न बसलेल्या टाक्यांत आणि बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात सापडतो. त्यातही एडिस सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणून डेंग्यू झालेल्या माणसाला चावलेला डास बहुतेकदा आसपासच्याच कुठल्यातरी पाण्यातला असतो.

मागच्या पावसाळ्यात काकांना डेंग्यू झाला. एजन्सीने दुसऱ्याच दिवशी बदली माणूस पाठवला आणि काकांचे आजारपणाचे दिवस बिनपगारी गेले. त्यानंतर पालिकेचे कर्मचारी तपासणीला आले, तेव्हा अळ्या निघाल्या त्या आमच्याच इमारतीतल्या एका बाल्कनीत, शोभेच्या कुंड्यांखाली. त्या घराला उत्तम जाळी होती, पण कुंड्या जाळीच्या बाहेर होत्या. काकांना चावलेला डास तिथलाच होता असं मी म्हणणार नाही, ते कुणीच सिद्ध करू शकत नाही. पण रचना बघा. पाणी आपलं, त्यात वाढलेला डास आपला, आणि आपल्याच जाळीमुळे तो आपल्याला चावू शकत नाही. अशा वेळी ‘मी फक्त माझी खिडकी बंद केली’ हे वाक्य वाटतं तितकं निरागस राहत नाही.

मुंबईने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या रूपात पाहिला आहे. मलेरियाचा परजीवी डासात वाढतो हे रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला शोधलं. पुढे मुंबईतल्या मलेरियाची कारणं शोधायचं काम चार्ल्स बेंटली या डॉक्टरवर आलं. १९११ च्या त्याच्या अहवालाने बोट ठेवलं ते घराघरांतल्या विहिरींवर. पालिकेने विहिरी बुजवायला किंवा बंदिस्त करायला सांगितलं आणि लोक अस्वस्थ झाले. विहिरीत दैवत आहे, तिला ऊन-वारा लागला पाहिजे, पूजेला तिचंच पाणी हवं, अशा हिंदूंच्या आणि पारशांच्या कितीतरी श्रद्धा होत्या. पुढे मुंबईचे पहिले भारतीय म्युनिसिपल कमिशनर झालेले रुस्तम मसानी तेव्हा पालिकेतच होते. त्यांनी त्या श्रद्धा गोळा करून १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर एक पुस्तकच लिहिलं. त्या वादात एक तोडगा पुढे आला तो बारीक तारेच्या जाळीच्या झडपेचा. उजेड आत जाईल, पाणी काढता येईल, पण डास ये-जा करू शकणार नाही.

ती जाळीही जाळीच होती, पण तिचं काम वेगळं होतं. विहिरीवरची जाळी डासाला जन्मू देत नाही, म्हणून तिचा फायदा रस्त्यावर झोपणाऱ्यालाही मिळतो. खिडकीवरची जाळी जन्मलेल्या डासाला दुसरा पत्ता शोधायला लावते. आपण शंभर वर्षांत पहिलीकडून दुसरीकडे आलो, कारण दुसरीला शेजाऱ्याशी बोलावं लागत नाही.

मला जाळीचा खरा तोटा इथे दिसतो. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन याने १९७० मध्ये मांडलं होतं, की एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढे मुख्यतः दोन रस्ते असतात: तिथून बाहेर पडायचं किंवा आवाज उठवायचा. ज्यांच्याकडे पैसे आणि पर्याय असतात ते आधी बाहेर पडतात, आणि नेमका त्यांचाच आवाज व्यवस्थेला ऐकू येत असतो. पाणी गढूळ आलं, आपण फिल्टर घेतला. लाइट गेली, इन्व्हर्टर घेतला. डास वाढले, जाळी घेतली. सर्वसाधारण सभेत हात वर करणारा प्रत्येक जण जाळीच्या आत झोपतो. ज्याला रोज डास चावतात त्याला सभेत खुर्ची नाही. त्याच्या खाजेची बातमी सभेपर्यंत पोचतच नाही, आणि गच्चीवरच्या टाकीचं तुटलेलं झाकण ‘पुढच्या वर्षी बघू’ या सदरात जातं.

मग ज्याच्या घरात तान्हं बाळ आहे त्याने काय करायचं? जाळी लावायची, आजच लावायची. आपल्या मुलाला आधी वाचवणं यात काहीही चूक नाही. माझं म्हणणं एवढंच, की जाळी लावून आपलं कर्तव्य संपत नाही. डास पुढे सरकवला, तर तो जिथे गेला तिथली थोडी जबाबदारी आपली होते. ती फार मोठीही नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा बशा, ट्रे, बादल्या कोरड्या करायच्या. नुसत्या उपड्या करून भागत नाही, घासायच्या, कारण एडिसची अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात. टाकीच्या झाकणाचा खर्च सभेत मागायचा. आणि केबिनला जाळी. गेट जाळीतूनही दिसतं.

आणखी एक गोष्ट, जिने माझा या वस्तूकडे बघायचा दृष्टिकोन बदलला. डेंग्यूच्या तापात पहिले काही दिवस रोग्याच्या रक्तात विषाणू असतो. त्या दिवसांत त्याला चावलेला एडिस पुढे इतरांना डेंग्यू देऊ शकतो. म्हणून रोग्याने मच्छरदाणीत झोपायचं, एडिस दिवसा चावतो म्हणून दिवसाही. तेव्हा ती मच्छरदाणी आतल्या माणसासाठी नसतेच, त्याला जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ती बाहेरच्या सगळ्यांसाठी असते. काका तापाने फणफणले होते तेव्हा पहिले दोन दिवस त्याच उघड्या केबिनमध्ये पडून होते, आणि वर आम्ही सगळे आपापल्या जाळ्या नीट लागल्यात ना ते तपासत होतो. त्या दोन दिवसांत एक मच्छरदाणी खाली नेऊन दिली असती तर इमारतीतलं प्रत्येक घर थोडं अधिक सुरक्षित झालं असतं. हे दयाबुद्धीने करायचं कामही नव्हतं. साधा स्वार्थ नीट कळला असता, तरी पुरलं असतं.