जुन्या चर्चच्या बाकावर बसताना

दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळात शांत बसणे सोपे असते, जोवर त्या भूमीचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. तो कळला की प्रश्न उभा राहतो. जिथे एकेकाळी अन्याय झाला, तिथे बसून मन निर्मळ ठेवता येते का? आणि तसे ठेवणे म्हणजे अन्याय विसरणे तर नव्हे? साधकाने या प्रश्नाला बगल देऊ नये, असे मला वाटते.

दक्षिण गोव्यातील साष्टी तालुक्यात मी एक दिवस राय, राचोल आणि कुडतरी ही गावे पायी फिरले. कसली घाई नव्हती. भातशेती, तळी, जांभ्या दगडाची जुनी घरे, वाटेवरच्या क्रुसाला कुणीतरी घातलेली झेंडूची माळ. कुडतरीचे सेंट अ‍ॅलेक्सचे चर्च तळ्याकाठी उभे आहे. आत एक आजी जपमाळ ओढत बसल्या होत्या. मला उभी पाहून त्या बाकावर थोड्या सरकल्या आणि म्हणाल्या, "बस गो बाय."

याच साष्टीत १५६० च्या दशकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. लोकांनी आपले देव नदीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आज फोंडा तालुक्यात आपण ज्या देवस्थानांचे दर्शन घेतो, त्यांतील अनेक देव असे घर सोडून आलेले आहेत. हे घडले आहे आणि ते सौम्य करून सांगण्याचे कारण नाही.

यावर दोन उत्तरे चटकन सुचतात. एक म्हणजे, सर्व धर्म सारखेच, मग जुने कशाला उकरायचे? यात ज्यांनी सोसले त्यांचे दुःख पुसले जाते. दुसरे म्हणजे, झालेल्या नुकसानीचा हिशेब कधीतरी चुकता झालाच पाहिजे. हे ऐकायला न्यायाचे वाटते. पण हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा?

मी वाणिज्य शाखेत शिकते. रक्कम बरोबर असली तरी ती भलत्याच खात्यावर लिहिली, तर नोंद चुकीचीच ठरते. गंमत अशी की ही चूक तेरीजपत्रकात दिसत नाही. दोन्ही बाजू जुळतात आणि आपल्याला वाटते, सगळे ठीक आहे. द्वेषाचे तसेच आहे. नुकसान खरे असते, म्हणून आपला रागही खरा वाटतो. फक्त तो त्या बाकावरच्या आजींच्या नावावर पडलेला असतो.

शिवाय त्या आजी कोण? त्या बाकांवर बसणाऱ्या कितीतरी जणांचे पूर्वज याच गावांतले, त्याच देवळांत जाणारे होते. जखम फक्त नदीपलीकडे गेलेल्यांची नाही. मागे राहिलेल्यांचीही आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांची बरीच वर्षे साष्टीत गेली. त्यांचे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच प्रसंग आहे की एक नवा ख्रिस्ती माणूस पाद्रीबाबांना विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग तशीच नवी का करून देत नाही? धर्म बदलला, पण ओवी ऐकण्याची भूक तशीच राहिली होती. त्या पुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे. अनुवादाची सेवा करताना मला हा शब्द नेहमी आठवतो. सत्ता माणसांकडून बरेच काही हिरावून घेऊ शकते, पण ज्या भाषेत ती देवाला हाक मारतात, ती सहज सुटत नाही.

स्मरण आणि सलोखा एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण साष्टीतच आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा त्या काळी फातर्प्याला नेली गेली. आजही शिगम्यात बारा वांगडांच्या छत्र्यांची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते, आणि गावचे ख्रिस्तीही त्या उत्सवात सामील होतात. देवी का गेली होती, हे त्या गावात कुणी विसरलेले नाही. म्हणूनच तिचे परत येणे सर्वांचे होते.

आपल्यालाही हे करता येईल. भारतात कुठेही राहत असाल, जवळच्या एखाद्या जुन्या चर्चला, दर्ग्याला किंवा देवळाला सवडीने, शक्यतो पायी जा. जाण्यापूर्वी त्या जागेचा इतिहास वाचा, कडू भागासकट. मग प्रार्थना करणाऱ्यांना व्यत्यय न आणता मागच्या बाजूला दहा मिनिटे बसा. मनात राग आला तर तो दडपू नका; तो नेमका कोणावर आहे, एवढे मात्र स्वतःला विचारा. आणि शेजारी कुणी सरकून जागा करून दिली, तर ती नाकारू नका.