चूल कुठे आहे?

भिवंडीत भिशी म्हटली की पैसे साठवायचीच भिशी डोळ्यासमोर येते असं नाही. यंत्रमागावरचा एकटा कामगार जिथे दोन वेळ जेवतो आणि पगार हाती आला की हिशेब चुकता करतो, त्या खाणावळीलाही इथे भिशीच म्हणतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगणातून आलेली ही माणसं. बारा तासांची पाळी. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा होतो. खोलीत वळकट्या असतात, दोरीवर कपडे असतात. चूल नसते, कारण तिची गरजच पडलेली नसते.

२५ मार्च २०२० रोजी कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागली आणि मागांचा खडखडाट थांबला. मजुरी मीटरवर, म्हणजे कापड नाही तर मजुरीही नाही. कामगाराचे पैसे येईनात, तिथे भिशी तरी किती दिवस चालणार? अशा खोलीच्या दारात तांदूळ, डाळ, तेलाची पिशवी आणून ठेवणाऱ्याची कळकळ खरीच होती. पण तो तांदूळ शिजवायचा कशावर?

देणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. देताना आपण आपलंच घर डोळ्यासमोर धरतो. आपल्या ओट्यावर शेगडी आहे, म्हणून कोरडा शिधा आपल्याला पुरेसा वाटतो. सरकारचंही तसंच झालं. कामगाराचं रेशनकार्ड गावी. राहत्या राज्याचं कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना माणशी पाच किलो धान्य द्यायची केंद्राची घोषणा १४ मेला झाली, टाळेबंदीच्या एक्कावन्नाव्या दिवशी, आणि तेही धान्यच. त्या मानाने राज्याची शिवभोजन थाळी शहाणी होती: १० रुपयांची थाळी टाळेबंदीत ५ रुपयांना झाली, आणि तिच्यात शिजलेलं अन्न होतं. मला तर वाटतं, भिशी चालवणाऱ्या बाईची किराण्याची उधारी कुणी भागवली असती तरी चाललं असतं. तिची भांडी तिथेच होती. कोण किती खातो आणि कोण दोन दिवस आलेला नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पुढे अन्नापेक्षा घराची ओढ मोठी झाली. २ मेच्या मध्यरात्रीनंतर भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटली. अशा गाडीत बसायचं तर अर्ज हवा, डॉक्टरचा दाखला हवा. ज्याला अर्ज वाचताच येत नाही, त्याच्या शेजारी बसून दोन पानं भरून देणारा माणूस त्या दिवसांत पिशवीभर तांदळापेक्षा मोलाचा होता.

नेमकी गरज ओळखून केलेली मदत म्हणून भिवंडीतल्याच शांतीनगरच्या मक्का मशिदीचं काम मला महत्त्वाचं वाटतं. २०२०च्या पावसाळ्यात शहरात प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती. सामूहिक नमाज बंद, त्यामुळे जागा मोकळी. जमाअत-ए-इस्लामी हिंद आणि सोबतच्या संस्थांनी तिथे प्राणवायूच्या सोयीसह खाटा मांडल्या आणि घरोघरी सिलिंडरही पोचवले, विनामूल्य. सिलिंडर नुसता देऊन भागत नाही. नळी जोडावी लागते, मिनिटाला किती लिटर सोडायचा ते घरच्यांना दाखवावं लागतं. सात हजार लिटरचा मोठा सिलिंडर मिनिटाला पाच लिटरने जेमतेम एक दिवस पुरतो. त्यामुळे पहिला पोचवतानाच दुसरा कोण आणि किती वाजता आणणार हे ठरवावं लागतं, आणि अरुंद जिन्यावरून रिकामा खाली उतरवायला दोन माणसं लागतात.