भुताला नावं ठेवताना

माणसाने शनिवारी रात्री काय करावे, याविषयी शास्त्रात स्पष्ट असे काही सांगितलेले नाही. त्यात 2015 पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुटी मिळू लागली आणि आमच्यासारख्यांची फारच पंचाईत झाली. आमचे हेडकॅशियर त्या दिवशी घरातले पंखे पुसतात. दुसरे एक सहकारी अंबडकडच्या आपल्या शेतावर जाऊन मोसंबीच्या झाडांकडे नुसतेच बघून येतात. (झाडांना त्याने काय फरक पडतो ठाऊक नाही, पण त्यांना बरं वाटतं.) मी जुने, स्वस्तातले भुताचे सिनेमे घरी बसून बघतो आणि त्यांची परीक्षणं लिहितो.

परीक्षणं म्हणजे छापायला नव्हेत हो! बँकेच्या गेल्या सालच्या डायऱ्या घरात पडलेल्या असतात, त्यांत लिहितो. मी बी.कॉम. असल्यामुळे रकाने पाडल्याशिवाय मला विचारच करता येत नाही. भूत दिसायला किती रिळं गेली, धूर किती सोडला, वीज कितीदा चमकली, आणि आमच्या जालन्यातली कितीदा गेली, असे सगळे रकाने आहेत. शेवटी शेरा. मासल्यादाखल काही शेरे देतो. 'हवेली शंभर वर्षं बंद. मेणबत्त्या मात्र पेटलेल्या. खर्च कोणाच्या नावे टाकला?' किंवा, 'चौकीदार कंदील घेऊन येतो, इशारा देतो आणि मरतो. वारसांना ग्रॅच्युइटी मिळाल्याचा उल्लेख नाही.' किंवा नुसतंच, 'मानेमागे रबराची शिवण दिसते. भूत प्रोबेशनवर असावं.'

तुम्ही म्हणाल, बँकेत काय भीती कमी आहे, की घरी येऊन आणखी भ्यायचं? बँकेत भीती भरपूर आहे, पण त्या भीतीला जबाबदारी असते. संध्याकाळी रोकड पाचशेनं कमी भरली तर ती खिशातून भरावी लागते. सामरीने कोणाचा गळा धरला तर माझं काही जात नाही. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला रात्री दुसऱ्यांचं मरण बघायला बरं वाटतं, असा याचा अर्थ निघतो का, हे मी मुद्दाम फार खोलात जाऊन पाहिलेलं नाही.

या कार्यक्रमाला घरातून दोघांची हजेरी असते. (आमची ही नऊ वाजता झोपते. तिच्या मते माझ्याशी लग्न केल्यावर माणसाला वेगळं भूत लागत नाही.) एक आमचे बारावीतले चिरंजीव. ते केवळ हसायला येतात. आणि दुसरी आई. आई 74 वर्षांची, माहेर भोकरदन तालुक्यातलं. ती पदर अर्ध्या तोंडावर घेऊन, एका डोळ्याने सिनेमा बघते आणि ओठांत मारुतिस्तोत्र चालू ठेवते. आता हे स्तोत्र रचणारे समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे, जन्म 1608 चा. म्हणजे भुतावरचा उतारा हे आमच्या जिल्ह्याचं मोसंबीच्याही आधीचं उत्पादन आहे. परंतु ते असो.

त्या रात्री 'पुराना मंदिर' चालू होता. 1984 चा, रामसे बंधूंचा. यात सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवून ते पेटीत एकीकडे आणि धड दुसरीकडे ठेवलेलं असतं. आमच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्यातलाच प्रकार. आणि आमच्याप्रमाणेच दोन्ही एकत्र आल्याखेरीज अनर्थ होत नाही. तर त्या पेटीतल्या मुंडक्याने डोळे उघडले. आई सोफ्यावर मागे सरकली आणि चिरंजीव खो खो हसत सुटले. मीही डायरीत काहीतरी खरडतच होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "गप की रे बाबा जरा! आपल्याच घरात बसून भ्यायची बी चोरी झाली का?"

"अगं आजी, रबराचा मुखवटा आहे तो."

"मंग? मला काय येडी समजतो का तू? रामलीलेतला रावण काय लंकेहून येतो व्हय? मला भ्यायचंय म्हणून मी भिऊलाले. तू कामून हसूलाला ते सांग."

चिरंजीवांना काही ते सांगता आलं नाही. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नसल्यामुळे मलाही सांगता येईना. दुसऱ्याच्या फसलेल्या कामाला हसण्याचा हक्क आपल्याला नेमका कुठून मिळतो? तिकीट काढलं असेल तर एकवेळ समजू शकतो. माझ्या लहानपणी गल्लीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीडिओ भाड्याने आणायचे. तेव्हा रुपया देणाऱ्याने रुपयाभर शिव्या दिल्या तर ते व्यवहाराला धरून होतं. आता हे सिनेमे यूट्यूबवर फुकट दिसतात. आमच्या शाखेत एक गृहस्थ रोज येतात. त्यांचं खातं आमच्याकडे नाही. ते पंख्याखाली बसतात, थंड पाणी पितात आणि जाताना सेवेचा दर्जा घसरल्याबद्दल बोलून जातात. डायरी घेऊन बसलेला मी आणि ते यांच्यात फरक कोणता, हे शोधायला मला बराच वेळ लागला. फरक एवढाच सापडला की मी पाणी घरचं पितो.

ज्याला आपण हसतो तो माणूस कोण, त्याने हे कशातून उभं केलं, हे तरी बघावं म्हणून मी रामसेंची माहिती काढली. (बँकेत याला कर्जदाराची पत तपासणे म्हणतात. कर्ज दिल्यावर तपासण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे.) फत्तेचंद रामसिंघानी यांचं फाळणीपूर्वी कराचीला रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना नाव उच्चारता येईना म्हणून रामसिंघानीचे 'रामसे' झाले. फाळणीनंतर मुंबईला आले, सिनेमे काढू लागले. 1970 साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, त्याचे दिग्दर्शक कोण असावेत? आपले विश्राम बेडेकर! 'रणांगण' लिहिणारे. सिनेमा पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि तेवढ्यापुरते लोक थेटरात जिवंत होत. ते रामसेंच्या मुलांनी हेरलं. 'रणांगण'कारांच्या त्या सिनेमातून मराठी वाङ्मयाला काय मिळालं ते समीक्षक जाणोत. हिंदी भुतांना मात्र त्यातून कायमचा रोजगार मिळाला.

मुलगे सात. एक पटकथा लिहिणार, एक कॅमेऱ्यामागे, एक आवाज सांभाळणार, एक संकलन करणार, एक निर्मितीकडे बघणार आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन करणार. 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' यांनी असाच महाबळेश्वरला जाऊन घरच्या घरी केला. स्वयंपाकाला घरच्या बायका. म्हणजे आपल्याकडे लोक महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी आणतात, यांनी प्रेत आणलं! सिनेमा चालला आणि सगळं कुटुंब पुढची वीस वर्षं भुतावर जगलं. आपल्याकडे सात भाऊ वडिलोपार्जित तीन एकरांवर एकत्र नांदत नाहीत. तलाठी, तहसील करून बांधावर एकमेकांची डोकी फोडतात. हे सात जण एका सैतानाच्या आसऱ्याने गुण्यागोविंदाने राहिले. या गोष्टीला माझ्या डायरीत रकानाच नव्हता.

आणि तो सामरी! अनिरुद्ध अग्रवाल. उंच, लांबोडक्या चेहऱ्याचा हा माणूस रुडकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला. पुढे 1994 साली तो शेखर कपूरच्या 'बँडिट क्वीन'मध्ये बाबू गुज्जर झाला, आणि त्यात त्याला पाहून हसायची कोणाची छाती नाही. भूत इंजिनिअर आहे हे कळल्यापासून आमच्या हिला त्याच्याबद्दल आदर वाटू लागला आहे. चिरंजीवांना तिला त्याच शाखेला घालायचं आहे.

अमेरिकेत या बाबतीत आपल्यापेक्षा पुढची मजल गेली. एड वुड नावाच्या दिग्दर्शकाने 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' नावाचा सिनेमा केला. त्याचा मुख्य नट बेला लुगोसी 1956 मध्ये वारला, मागे काही मिनिटांचं चित्रीकरण ठेवून. पैसे नव्हते. मग वुडने बायकोच्या हाडवैद्याला उभं केलं आणि तोंडावर झगा धरून चालायला सांगितलं. हाडवैद्य लुगोसीपेक्षा उंच होता. ते दिसतंच. 1980 साली दोन भावांनी पुस्तक काढून या सिनेमाला जगातला सर्वांत वाईट सिनेमा आणि वुडला सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवलं, आणि मग सगळा देश आवडीने तो सिनेमा बघून हसू लागला. वुड 1978 च्या डिसेंबरात वारला होता. कंगाल अवस्थेत, मरणाआधी काही दिवस राहत्या जागेतून बाहेर काढलेलं. जिवंतपणी त्याला कोणी हसलंसुद्धा नाही. हसण्याची वसुली झाली ती थेट मृताच्या खात्यावर. आणि मृताच्या खात्यावर व्यवहार करताना आम्हाला किती कागद लागतात म्हणून सांगू!

आता यावरून तुम्ही असं समजू नका, की घाम गाळला म्हणजे सगळं माफ. घाम बघून आम्ही कर्ज मंजूर करत नाही. वाईट सिनेमा तो वाईटच, आणि शिवण दिसली की मी शिवण दिसली असंच लिहितो. फक्त स्वस्तपणा आणि वाईटपणा यांची खाती मी अलीकडे वेगळी ठेवतो. जॉर्ज रोमेरोच्या 1968 च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत वापरलं होतं. सिनेमा कृष्णधवल, कोणाला कळणार? तो लागला त्या रात्री चिरंजीव एकदाही हसले नाहीत आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटे गेले नाहीत. उलट भूत परवडत नाही म्हणून दर तिसऱ्या रिळात नायिकेला आंघोळ घालणारे सिनेमे आहेत. रामसेंनीही हे कमी केलेलं नाही. पैसा नाही म्हणून धूर कमी पडला तर मी समजून घेतो. पण पाणी भरपूर आणि कल्पना शून्य, ही टंचाई वेगळी. तिथे मी तांबडी शाई वापरतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम आयुष्यभर केलेले. त्यांना माझा हा षौक मुळीच मंजूर नाही. एका शनिवारी ते ताक न्यायला म्हणून आले आणि 'वीराना' बघून उंबऱ्यातच थबकले. म्हणाले, "ज्या राज्यात 2013 साली डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतरच जादूटोण्याविरुद्धचा कायदा होऊ शकला, त्या राज्यात सुशिक्षित माणसाने करमणूक म्हणून हे बघावं?"

मी म्हटलं, मास्तर, उलट हे फार उपयोगाचं आहे. गुळगुळीत, महागड्या भुताने माणूस फसेल. आमच्या भुताची शिवण दिसते. भुताच्या आत माणूस असतो, हेच तुम्ही चाळीस वर्षं शाळेत सांगत आलात ना? मास्तरांना हे पटलं नाही. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. 'वीराना' (1988) मध्ये सुरुवातीलाच चेटकिणीला पकडून फासावर देतात, आणि प्रेक्षकाने हुश्श करायचं असतं. मास्तर म्हणाले, "आणि ही? हिची शिवण कुठे आहे?"

मी गप्प बसलो. बोलली ती आई.

"आमच्या गावात एका म्हातारीला तसं म्हणायचे," ती म्हणाली. "विधवा होती. कोणाचं लेकरू आजारी पडलं की हिचं नाव. लई मारलं तिला एकदा."

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"मंग काय? गाव सोडून गेली. तिचं रान होतं दोन एकर, हिरीजवळचं. ज्यांनी तिला पहिल्यांदा डाकीण म्हटलं, त्यांच्या बांधाला लागूनच होतं."

चिरंजीवांनी सिनेमा थांबवला होता. मास्तर ताकाचं भांडं हातात घेऊन बराच वेळ उभेच राहिले. आईने मात्र पदर तोंडावर घेतला नव्हता. खरी गोष्ट सांगताना तिला तो लागला नाही.

हसणं मी बंद केलेलं नाही. सुट्या शनिवारचा कार्यक्रम चालूच आहे. मास्तरही अधूनमधून येतात, विरोध नोंदवण्यापुरते, आणि शेवटपर्यंत थांबतात. डायरीत दोन रकाने वाढले आहेत. एक, सिनेमात कोणा म्हाताऱ्या बाईवर गाव धावून जातं का, हा. तो भरलेला असला की पुढचा शेरा मी गमतीचा लिहीत नाही. आणि दुसरा आईचा. सिनेमा संपला की मी पेन घेऊन तिच्याकडे बघतो आणि ती सांगेल ते जसंच्या तसं उतरवतो. चिरंजीवांच्या मते घरातली खरी परीक्षणं तीच.

परवा 'बंद दरवाजा' पाहिला, 1990 चा. पुन्हा आमचे इंजिनिअर, या वेळी रक्तपिपासू. दिवसा शवपेटीत निजतात आणि रात्री उठतात. मी नेहमीप्रमाणे धुराचे, विजेचे रकाने भरले आणि आईला विचारलं. आई बराच वेळ माळ ओढत राहिली. मग म्हणाली, "लिही. भेव चांगलं वाटलं. पण इतक्या वर्षांचं उपाशी माणूस उठलं, तर त्याला आधी जेवायला काय द्यायचं, याचा कोणी इचारच केला नाही."